उजव्या कानातले ते दोघं

शहाडला राहायला आल्यावर पहिले काही महिने माझं ठाम मत होतं की इथली माणसं ओरडून बोलतात. कळव्याला असं नव्हतं. तिथे माणसं भांडताना ओरडायची, एरवी माणसांसारखी बोलायची. इथे आमचा वॉचमन "मॅडम, आज पाणी लवकर जाणार!" हे असं सांगायचा की नदीपलीकडे मोहन्यातल्या बायकांनीही हंडे भरून ठेवावेत. सोसायटीचा सेक्रेटरी तर वर हातवारेही करायचा. आधी नळ फिरवल्यासारखं करायचा, मग बोट वर गच्चीतल्या टाकीकडे, मग दोन्ही हात नाही-नाही असे हलवायचा. काय येडा माणूस आहे, असं मनात म्हणत मी मान डोलवायची आणि पुढे सटकायची. कारण तेव्हा माझ्या उजव्या कानात ते दोघं बोलत असायचे आणि त्यांचं वाक्य मला चुकवायचं नसायचं.

ते दोघं म्हणजे एक पॉडकास्ट. एक जाड आवाजाचा माणूस आणि एक सतत खोकणारी बाई, कुठल्यातरी थंड देशात बसून दर आठवड्याला सॉफ्टवेअरवर तासभर गप्पा मारतात. नवीन काय आलं, जुनं काय मोडीत निघालं, कोणाची सिस्टीम भर गर्दीच्या वेळी कशी झोपली आणि ती मग कोणी कशी उठवली. त्यांचे जुने भाग इतके साठलेले होते की रोज एक ऐकला तरी मला पुरून उरले असते.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि पन्नाशीला टेकलेय. आमच्या धंद्यात ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवली की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. इथे शिकलेलं दुधासारखं नासतं. मी ज्या सिस्टीमवर उमेदीची सगळी वर्षं घालवली ती परदेशातल्या एका विमा कंपनीची होती. जुनी, पण ठणठणीत. ती बंद करायची असं त्या लोकांनी ठरवलं. माझा मॅनेजर वयाने माझा भाचा शोभेल असा, आणि बोलायला इतका गोड की त्याच्यावर धड चिडताही येत नाही. तो म्हणाला, "मॅम, कंपनीतल्याच दुसऱ्या एखाद्या प्रोजेक्टने इंटरव्ह्यू घेऊन तुम्हाला निवडलं तर काहीच प्रश्न नाही. दिवाळीपर्यंत वेळ आहे. फक्त स्किल्स जरा करंट ठेवा." आणि नाही निवडलं तर, हे मी विचारलं नाही. ते न विचारताही कळण्याइतकी अक्कल या वयात आलेली असते.

करंट ठेवा म्हणे! पंख्याचा रेग्युलेटर आहे का मी? कोर्स लावून बघितले. पण दिवसभर स्क्रीनकडे बघून झाल्यावर पुन्हा स्क्रीनच बघायची म्हटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागायचं. कान मात्र रिकामे होते. आणि घरात कान रिकामे असणं मला तसंही सोसत नव्हतं.

आई होती तोवर आम्ही दोघी कळव्याला राहायचो. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं आता मलाही नीट आठवत नाहीत. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की आई विचारायची, "आज काय झालं?" मी म्हणायची, "काही नाही." रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि मग आम्ही जेवायला बसायचो. आई गेल्यावर त्या घरात संध्याकाळची ती वेळ आली की मी उगाच कुकर लावायची, गॅलरीत जायची, परत आत यायची. शेवटी ते घर सोडलं. शहाडला नवीन इमारत होती, कामासाठी वेगळी खोली मिळत होती, आणि ऑफिस ठाण्याला असलं तरी तिथे महिन्यातून एखाद-दोनदाच जायचं होतं. इथे मला कोणी ओळखत नव्हतं. तेव्हा ते बरं वाटलेलं.

तर मी ते दोघं लावायला लागले. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, बाजारात जाताना, लिफ्टमध्ये. दोन्ही कानांत घातलं तर दाराची बेल ऐकू येत नाही म्हणून एकाच कानात घालायची. माझं ते यंत्र, म्हणजे बिनवायरचा इअरफोन, होतं त्वचेच्या रंगाचं, कारण दुकानात तेवढाच रंग शिल्लक होता. हे मुद्दाम सांगतेय, पुढे कळेल का ते.

कामाचं बोलणं मी दीडपट वेगाने ऐकायची. वेळ कमी आणि भाग ढीगभर. पण प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ते दोघं थोडा वेळ एकमेकांशी नुसत्या गप्पा मारायचे. आठवडा कसा गेला, त्याच्या कुत्र्याचा पाय बरा झाला का, तिचा खोकला कमी आहे का. बाकी सगळे ऐकणारे हा भाग पळवत असणार. मी तो साध्या वेगाने ऐकायची. कधीकधी मागे घेऊन पुन्हा ऐकायची. आणि "तुझा आठवडा कसा गेला?" असं त्याने तिला विचारलं की भांडी घासता-घासता मीही सांगायची, "बरा गेला. गवार महाग झालीय आणि घरातला गीझर बिघडलाय." ती काही वेगळंच सांगत असायची, पण मधे जागा सापडायची. वेडेपणा होता. पण कोण बघत होतं?

पहिला इंटरव्ह्यू आला तेव्हा माझे इतके भाग ऐकून झालेले की मला वाटलं, आता कोणीही काहीही विचारा. विचारलं. आणि सगळे शब्द माझ्या तोंडात आले, पण एकाही शब्दाच्या मागे मला उभं राहता येईना. मी म्हणायची, "इथे मेसेज क्यू वापरता येईल." समोरचा म्हणायचा, "का? आणि मग काय होईल?" आणि माझ्या डोक्यात त्या जाड आवाजाच्या माणसाचं हसणं यायचं, त्या बाईचा खोकला यायचा, कुत्र्याचा पायसुद्धा यायचा, आणि उत्तर काही यायचं नाही. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देणे म्हणतात, ते मी शब्दशः करत होते की काय! यंत्र तर एकाच कानात होतं. दोन दिवसांनी मॅनेजरचा गोड आवाज आला, "मॅम, त्यांना जरा वेगळा प्रोफाईल हवा होता. अजून एक प्रोजेक्ट आहे, महिन्याभरात तिथे शब्द टाकतो." म्हणजे ही शेवटची संधी, हे त्याने गोडीत घोळवून सांगितलं. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. पोह्यांचा डबा घेऊन सोफ्यावर बसले, कच्चेच पोहे खाल्ले आणि रडले. आमच्या आईने बघितलं असतं तर आधी कच्च्या पोह्यांवरून ओरडली असती.

त्याच आठवड्यात लिफ्टचा प्रकार झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बायका आत आल्या. मी नेहमीसारखी कोपऱ्यात. कानात यंत्र होतं, पण बॅटरी संपल्यामुळे ते बंद होतं. एक दुसरीला म्हणाली, अगदी मोकळेपणाने, मी तिथे नसल्यासारखी, "पाचव्या मजल्यावरची ती हीच. बहिरी आहे बिचारी. मशीन लावूनसुद्धा काही ऐकू येत नाही वाटतं, परवा मी तीन हाका मारल्या." दुसरी म्हणाली, "म्हणूनच लग्न राहिलं असणार गं." आणि दोघी माझ्याकडे बघून हसल्या, प्रेमळ, डॉक्टरकडे आणलेल्या लहान मुलाकडे बघून हसतात तशा.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वॉचमनचं ओरडणं, सेक्रेटरीचे हातवारे, भाजीवाल्याने वजनकाटा माझ्या नाकाशी आणून दाखवणं, सगळं एका झटक्यात जागच्या जागी बसलं. अख्ख्या इमारतीने मला बहिरी ठरवून टाकलेलं! खवळले मी. तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, बायांनो, ऐकू येतंय बरं का सगळं. तोंडाशी आलेलं. पण त्याच क्षणी दुसराही विचार आला. बहिऱ्या बाईला कोणी विचारत नाही, एकटीच का राहता, सुट्टीत कुठे जाता, तुमच्याकडे कोणी येत-जात नाही वाटतं. मी गोड हसले आणि मान डोलवली. पाचवा मजला आल्यावर घरात शिरून दार लावलं, आणि मग मात्र फार वाईट वाटलं. इतक्या महिन्यांत एकालाही मला ऐकू येतं की नाही हे कळायची वेळ आली नव्हती, म्हणजे मी किती कमी बोलले असेन इथे!

समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी दोनच दिवसांनी बेल वाजवली. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ बांध्याच्या, एकट्याच राहायच्या. मुलगा पुण्याला. आमची ओळख म्हणजे दारातल्या दुधाच्या पिशव्या उचलताना हसण्यापुरती. आत न येताच त्या म्हणाल्या, जरा मोठ्यानेच, "तुझं ते मशीन कुठलं गं? तुला त्रास नाही ना होत त्याचा? माझं शिट्ट्या मारतं."

 त्यांनी मुठीतली डबी उघडून दाखवली. मुलाने हौसेने करून दिलेलं श्रवणयंत्र होतं. कित्येक महिने ते कपाटात पडून होतं म्हणे. "मी कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते," त्या म्हणाल्या. "उभा जन्म कानावर भाकरी खाल्ली. आता हे लावून चारचौघांत फिरायचं म्हणजे लाज वाटायची. पण तू बघ, एवढी तरणी असून बिनधास्त लावून फिरतेस. म्हटलं, आपल्यालाच काय धाड भरलीय?"

मला तरणी म्हणणारं माणूस बऱ्याच वर्षांनी भेटलेलं. पण ते जाऊ दे. आता या बाईला कसं सांगायचं की हे श्रवणयंत्र नाही, मी इथे दोन गोऱ्या माणसांच्या गप्पा ऐकत फिरते? सांगितलं असतं तर ती डबी परत कपाटात गेली असती. मी म्हटलं, "सुरुवातीला त्रास होतो, काकू. मग सवय होते." खोटं बोलले, आणि तेही मोठ्याने.

मग खरं काम बाहेर आलं. डॉक्टरांनी काकूंना सांगितलेलं की नुसतं लावून उपयोग नाही, कानाला पुन्हा शिकवायला लागतं. रोज अर्धा तास एका माणसाने शांत खोलीत समोर बसून बोलायचं. विषय कुठलाही. "टीव्ही चालत नाही," काकू म्हणाल्या. "माणूसच लागतं. तुला यातला अनुभव आहे. येशील का संध्याकाळची?"

गेले. चहा झाला. काकूंनी यंत्र कानात बसवलं, त्याने एक शिट्टी मारली, आणि त्या माझ्याकडे बघत बसल्या. म्हणाल्या, "बोल." आणि माझ्याकडे बोलायला काही म्हणजे काही नव्हतं. माझ्या घरात काही घडत नव्हतं, नात्यागोत्यात कोणी उरलं नव्हतं, डोंबिवलीची एक मावसबहीण होती ती रोज सकाळी मोबाईलवर फुलं पाठवायची, बस. घड्याळ टिकटिकत होतं. शेवटी मी म्हटलं, "आज मी एक ऐकलं, ते सांगते." आणि सकाळचा भाग सांगायला सुटले.

"अगं, अगं," काकूंनी हात वर केला. "गाडी पकडायचीय का तुला? सावकाश."

मीही दीडपट वेगाने बोलायला लागलेय, हे मला तेव्हा कळलं.

सावकाश सांगायला लागले. मोठ्याने, एकेक वाक्य सुटं करून. आणि प्रत्येक वाक्यानंतर काकू विचारायच्या, "म्हणजे काय?" आधी मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा तेच मोठ्याने म्हणायची. "ओरडू नकोस, ऐकू आलं," त्या म्हणायच्या. "म्हणजे काय ते सांग." आता आली का पंचाईत! मेसेज क्यू म्हणजे काय? हा शब्द मी इतके महिने कानात घालून फिरत होते. त्या दोघांना तो सांगावा लागत नव्हता, मला विचारावा लागत नव्हता. आमचं तिघांचं कसं छान चाललेलं.

पहिल्या दिवशी मला तो सांगता आला नाही. घरी येऊन मी चरफडले, तोच भाग पुन्हा लावला, या वेळी साध्या वेगाने. दुसऱ्या दिवशी गिरणीत दळण टाकायला गेलेले, आणि तिथे ओळीने मांडलेले डबे बघून मी एकदम उभीच राहिले. संध्याकाळी काकूंना म्हटलं, "काकू, आपण गिरणीत डबा ठेवतो. ठेवतो आणि घरी येतो, तिथे उभं नाही राहत. गिरणीवाला त्याच्या सवडीने एकेक डबा घेतो, दळतो, बाजूला ठेवतो. सणाच्या आधी पन्नास डबे आले तरी गिरणी बंद पडत नाही, फक्त ओळ वाढते. सिस्टीममध्ये पण कामांची अशीच ओळ लावायची. तो मेसेज क्यू."

"एवढंच?" काकू म्हणाल्या. "मग काल एवढं गुळमुळीत काय बोलत होतीस?" आणि लगेच, "आणि लाईट गेली तर?"

"डबे ओळीतच राहतात. लाईट आली की पुढे चालू."

"आणि एकच डबा त्याने दोनदा दळला तर? माझ्या भाजणीचं केलेलं त्याने एकदा. पार मैदा! थालीपीठ थापता येईना."

 हाच प्रश्न त्या दोघांनी एका भागात तासभर चघळलेला आणि माझ्या डोक्यावरून गेलेला. तेच काम चुकून दोनदा झालं तर वाट लागू नये, म्हणून झालेल्या डब्यावर खूण करायची आणि दळायच्या आधी ती खूण बघायची. बस, एवढंच होतं ते. भाजणीवरून ते मला असं कळलं की मरेपर्यंत विसरणार नाही.

मग रोजचं ठरून गेलं. मी सकाळी ऐकायची ते संध्याकाळी काकूंना काय सांगायचं हे डोक्यात ठेवून. काकूंच्या यंत्राच्या शिट्ट्या थांबल्या. त्यांना प्रेशर कुकर खूप दिवसांनी स्वयंपाकघराबाहेरून ऐकू आला तेव्हा त्या एवढ्या खूष झाल्या की एक शिट्टी जास्तच होऊ दिली आणि भाताची खीर झाली. मी स्वतःचं यंत्र कानात ठेवूनच त्यांच्याकडे जायची, बंद करून. नाटक होतं, पण त्या नाटकापायी माझी संध्याकाळ सरत होती. काकू त्या दोघांचीही चौकशी करायच्या. "त्या बाईचा खोकला गेला का गं? आलं-मध घे म्हणावं." मी म्हणायची, "सांगते." आणि अर्धा तास झाला की मी उठायची. काकू बस म्हणायच्या नाहीत, मी थांबू का विचारायची नाही. दार ओढून घेतलं की समोर माझंच दार, आणि आत गेल्यावर परत ते दोघं.

दुसरा इंटरव्ह्यू सकाळीच होता. व्हिडिओ कॉलवर समोर एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही जेमतेम तिशीचे. मुलीने विचारलं, "समजा, सेलच्या दिवशी एकदम लाखो ऑर्डर आल्या आणि सिस्टीम झोपायला लागली, तर तुम्ही काय कराल?" क्षणभर पहिल्यासारखंच झालं. सगळे शब्द एकदम तोंडाशी येऊन अडकले. मग मी समोरच्या दोघांकडे बघायचं सोडून दिलं आणि मनात काकूंना बसवलं. यंत्र लावलेल्या, ताठ, "म्हणजे काय?" म्हणायला टपलेल्या. आणि त्यांना सांगायला लागले. बोलत होते इंग्रजीत, पण डोळ्यांसमोर डबेच होते. लाईट गेली तर काय, तेही न विचारता सांगितलं. एकच काम दोनदा झालं तर काय, तेही सांगितलं. ती मुलगी लिहून घ्यायची थांबली. मला वाटलं, मेले, चुकलं काहीतरी.

मुलाने हळूच विचारलं, "मॅम, आमचा आवाज तुम्हाला नीट येतोय ना? तुम्हाला ऐकायला काही अडचण असेल तर आम्ही प्रश्न टाईप करून देऊ. काहीच हरकत नाही."

काकूंशी बोलायच्या सवयीने मी त्या बिचाऱ्यांच्या कानात ओरडत होते! म्हणजे शहाडची इमारत झाली, आता ठाण्याचं ऑफिससुद्धा. कप्पाळ माझं! मी आवाज खाली आणत म्हटलं, "नाही, ऐकू येतंय. सवय झालीय जरा." कसली सवय हे त्यांनी विचारलं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. त्या दिवसांत मला पॉडकास्ट लावता येईना; संध्याकाळी काकूंना आधीच ऐकलेलं काहीतरी सांगायची. लावला की वाटायचं, आता कशाला? घेतलं नाही तर हे सगळं कोणासाठी ऐकायचं? घेतलं नाही तर सकाळी उठून लॅपटॉप उघडायचं कारण गेलं, आणि त्याबरोबर मला "गुड मॉर्निंग मॅम" म्हणणारी होती नव्हती ती माणसंही गेली. नोकरी ही नुसती नोकरी नव्हती माझी, हे मी इथे स्पष्टच लिहिते. दिवसातून चार माणसं मला हाक मारायची ती त्या नोकरीमुळे.

मॅनेजरचा फोन दुपारी आला. "मॅम, दे लव्ड यू," असं काहीतरी म्हणाला. त्यांनी घेतलं होतं. पुढच्या महिन्यापासून नवीन प्रोजेक्ट, आठवड्यातले दोन दिवस ठाण्याला. मी थँक्यू म्हटलं, फोन ठेवला आणि खोलीच्या मधोमध उभी राहिले. एवढी मोठी गोष्ट झालेली आणि सांगायला घरात भिंती. सवयीने हात यंत्राकडे गेला. ते तिथेच टेबलावर ठेवून मी समोरची बेल वाजवली. वाजवतच राहिले.

काकू झोपेतून उठून आलेल्या. कानात काही नव्हतं.

"काकू, मला घेतलं!"

"काय घेतलंस?"

"मला घेतलं! प्रोजेक्टमध्ये!"

"कुठे घेतलंस? आत ये आधी."

"अहो, मला! मला घेतलं त्यांनी! इंटरव्ह्यू पास झाले!" माझा आवाज जिन्यातून खाली गेला, वर गेला, दारं उघडायला लागली. तिसऱ्या मजल्यावरची ती लिफ्टमधली बाई कशाला तरी वर आलेली, ती धावत आली आणि माझ्यासमोर उभी राहून, तोंड मोठं करून, हातवाऱ्यांसकट ओरडली, "काय झालं? काय? झालं?"

काकूंनी तोवर आतून यंत्र आणून कानात बसवलेलं. शिट्टी वाजली. त्या तिला म्हणाल्या, "तिच्यावर कशाला ओरडतेस? तिचे कान तुझ्यामाझ्यापेक्षा तिखट आहेत."

"मशीनमुळे?"

"कसलं मशीन! उभा जन्म मी एक्स्चेंजमध्ये हेडसेट लावलेली तोंडं बघितलीयत. बहिऱ्या माणसाचं तोंड वेगळं असतं. ही लाईनवर असायची, कधीही बघ. सकाळी बघ, संध्याकाळी बघ, लाईनवर." मग माझ्याकडे बघून, आवाज जरासा उतरवून म्हणाल्या, "आणि पलीकडे कोणी नसायचं."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हणजे पहिल्या दिवसापासून यांना माहीत होतं. मशीन कुठलं गं, तुला अनुभव आहे, येशील का, हे सगळं माहीत असून. जिन्यात एवढी माणसं आणि त्यांच्यासमोर माझं एकटेपण असं वाळत घातलेलं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही, रडू आलं. ती तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "अय्या, मग... अभिनंदन हं." तिचा आवाज मुळात किती बारीक आहे, ते मी पहिल्यांदा ऐकलं.

काकूंनी मला आत घेतलं, दार लावलं, पाणी दिलं. मग रोजच्या खुर्चीत बसल्या.

"बोल. आज काय म्हणाले तुझे ते दोघं?"

"आज ऐकलंच नाही, काकू. चार दिवस ऐकलं नाहीये."

"मग तुझं सांग."

"माझं? काही नाही," मी सवयीने म्हटलं.

 काकूंनी बोटाने यंत्र जरा आत दाबलं, खुर्ची पुढे ओढली आणि हात मांडीवर ठेवून थांबल्या. घड्याळाचे काटे अर्ध्या तासाच्या पुढे गेले तरी त्यांनी तिकडे बघितलं नाही, आणि मीही उठले नाही.

मग मी आईपासून सुरुवात केली.